राहून गेलेला गुन्हा

राग गिळावा म्हणतात. ज्यांना तो पचतो त्यांनी खुशाल गिळावा. मला पचला नाही, आणि पचावा अशी माझी इच्छाही नव्हती. गोरखसरांचं नाव निघालं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि ती जावी म्हणूनच मी ते नाव अधूनमधून काढते.

गोरक्षनाथ त्यांचं पूर्ण नाव. सावेडीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. काचेचा दरवाजा, आत एसी, बाहेर गिऱ्हाइकांच्या चपलांची रांग, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं सरांनी सगळ्या नगरला पटवलं होतं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तिथं लागले. आमच्या भिंगारच्या गल्लीत पगाराच्या नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. माझे वडील रंभाजी, त्यांना आम्ही नाना म्हणतो, मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. माझी नोकरी लागली तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते. रोज सकाळी माझी लूना ते पुसून ठेवायचे, आणि आई म्हणायची, "पोरीच्या गाडीला पुसून पुसून भोक पाडाल."

नानांची एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. वस्तीत ताठ मानेने 'जय भीम' घालणारा हा माणूस. पण कुणी साहेब दिसला की खुर्चीवरून उठलाच. साहेब कुणाचा, कसला, काही विचार नाही. पँटला इस्त्री आणि आवाजात हुकूम असला की बास. वर्कशॉपमधली आयुष्यभराची सवय. मी चिडायचे, ते हसायचे. "उठायला काय पैसं पडत्यात व्हय गं?"

तर ते कार्ड. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मराठी अक्षरं दिसायला हवी असतील तर मशीनच्या पोटात एक वेगळं कार्ड खोचावं लागे, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी हिरवी पट्टी. अशा प्रत्येक कार्डाला मशीनच्या मेमरीत बसायला जागा लागते आणि त्या जागेला पत्ता असतो. आता मशीन आपली आपण जागा वाटून देतं, तेव्हा ती माणसाने द्यायची असे. कार्डावर पिनांच्या बारीक बारीक जोड्या असत आणि त्यातल्या एका जोडीवर तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काळी टोपी बसवायची. तिला जंपर म्हणत. टोपी या जोडीवर असेल तर हा पत्ता, त्या जोडीवर असेल तर तो.

यात मेख अशी की दोन कार्डांना एकच पत्ता गेला तर मशीन काही तक्रार करत नाही. एका खोलीत दोन भाडेकरू ठेवल्यासारखं आहे ते. एक जण गावाला गेलेला असेपर्यंत सगळं छान. दुसरा परत आला की हाणामारी, आणि मग मशीन जागच्या जागी थिजतं.

काष्टीला एक दूध संघ होता. नाव मुद्दाम घेत नाही. त्यांना दुधाच्या पावत्या मराठीत हव्या होत्या आणि दोन मशीन तारेने एकमेकांना जोडायची होती. तारेसाठी जे नेटवर्कचं कार्ड होतं ते बसायचं डी-ट्रिपल-झिरो या पत्त्यावर आणि तिथून हलायला तयार नव्हतं. मराठीचं कार्डही कंपनीतून त्याच पत्त्यावर यायचं. टोपी काढून टाकली तरी ते तिथेच जाऊन बसे, तो त्याचा मूळ पत्ता होता. चार दिवस काष्टीला एसटीने ये-जा करून मी मराठीचं कार्ड डी-आठशेवर हलवलं आणि मशीन चालू झालं. संघाचे चेअरमन आप्पासाहेब बघायला आले तेव्हा गोरखसर म्हणाले, "फार डोकं लावावं लागलं मला याच्यात." मी बाजूला पेचकस घेऊन उभी होते. तेव्हा मला राग आला नाही. साहेबाने श्रेय घ्यायचं असतंच, असं मीही समजत होते. रंभाजीचीच मुलगी शेवटी.

त्यानंतर आली खंडेनवमी.

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते. सुतार रंधा पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो, संघात दुधाच्या टाकीपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ. यात माझी काहीच हरकत नव्हती. ज्याची त्याची श्रद्धा. पण गोरखसरांनी मशीनचं झाकण उघडायला सांगितलं.

मी म्हटलं, "सर, कुंकू बाहेरून लावा. आत ओलं काही नको."

"तलवार काय म्यानासकट पुजतात का?" सर म्हणाले. सगळे हसले. मग जरा खालच्या आवाजात, पण ऐकू जाईल असं, "तुम्हा लोकांना पूजेतलं काय कळणार, माधुरी."

मी पेचकस ठेवला आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्हाला नागपूरला दीक्षाभूमीवर पोचायचं होतं, भिंगारहून संध्याकाळची गाडी ठरली होती, त्यामुळे मी दुपारचीच एसटी धरली. मागे काय झालं ते मला संघातल्या ऑपरेटर सीमाने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. सरांनी ओल्या कुंकवात अनामिका बुडवून एकेका कार्डाला टिळा लावला. मराठीच्या कार्डाला लावताना काळी टोपी बोटाला चिकटून निघाली. सरांनी ते बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल खिशात घातला. टोपी कुठे गेली असेल ते त्यांच्या धोब्याला विचारा.

दसऱ्यानंतर संघ उघडला, तार जोडली आणि मशीन थिजलं. पडद्यावर अर्धी मात्रा, पाव वेलांटी, आणि बाकी अंधार. मी नागपूरहून आले त्या संध्याकाळी सरांचा माणूस घरी आला. "आप्पासाहेबांनी बोलावलंय. वडिलांना घेऊन या." वडिलांना! मी काय शाळेत शिकत होते?

दुसऱ्या दिवशी काष्टीला गेल्यावर थिजलेला पडदा मी बाहेरूनच पाहिला, आणि मग आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. गोरखसर खुर्चीत. सर म्हणाले, "पूजेच्या वेळी ही निघून गेली. सगळ्यांनी पाहिलंय. जाताना सेटिंग काढून ठेवलं. पूजेचा राग मशीनवर काढला साहेब, दुसरं काय."

मी म्हटलं, "कार्डावर जंपर नाही. झाकण पूजेलाच उघडलं होतं, तेव्हाच पडलाय. सीमा तिथंच होती, तिला विचारा."

सीमाने जमिनीकडे पाहिलं. तिचा नवरा संघाच्याच टेम्पोवर ड्रायव्हर होता. मी तिला दोष देत नाही. म्हणजे आज देत नाही, तेव्हा भरपूर दिला.

"जंपर नाही हे हिला न बघता कसं माहीत?" सर म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

मला माहीत होतं कारण पडद्यावरची मोडकी अक्षरं बघून कुठलाही शहाणा माणूस ते सांगू शकला असता. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण त्याआधी माझ्या शेजारी हालचाल झाली. नानांनी टोपी काढली, आप्पासाहेबांना हात जोडले, मग वळून गोरखसरांनाही जोडले आणि म्हणाले, "पोरगी लहान हाय साहेब. चुकलं तिचं. पदरात घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ठीक आहे, जगाची रीतच आहे. पण संन्याशाच्या बापाने पुढे होऊन दोर नीट करून द्यावा? त्या क्षणी मला माझी नोकरी आठवली नाही, पगार आठवला नाही. फक्त ते हात दिसले. वर्कशॉपमध्ये रणगाड्याचे नटबोल्ट आवळलेले हात, माझ्यासाठी, माझ्या न केलेल्या चुकीसाठी, त्या कुंकवाच्या बोटाच्या माणसापुढे जोडलेले. गोरखसरांनी मान हलवली. मोठ्या मनाने माफ केल्यासारखी. आणि मला कामावरून काढलं.

पुढे नगरमधल्या एकाही दुकानाने मला उभं केलं नाही. "ती का? ती मशीन बिघडवून जाते," असा माझा लौकिक सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत आपोआप पसरला नव्हता. सर स्वतः फिरून सांगत होते. शेवटी मी भिंगारच्या बाजारात एक खोली घेतली आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. टीव्ही, स्टॅबिलायझर, कुणाचा कीबोर्ड, मिलिटरीतल्या साहेबांच्या मुलांचे व्हिडिओ गेम. हळूहळू कॉम्प्युटरही येऊ लागले.

आणि सोल्डरिंग करता करता मी सूड शिजवत होते. खोटं कशाला बोलू, त्यात मला सुख होतं. आधी वाटायचं, त्याचं दुकान जळावं. मग वाटलं, दुकानाने काय केलंय? मग वाटायचं, त्याला कामावरून काढावं. पण मालकाला कोण काढणार? असं करत करत माझी मागणी लहान लहान होत गेली आणि शेवटी एका गोष्टीवर येऊन थांबली. त्याने माझ्या बापासमोर हात जोडावेत. म्हणावं, चूक माझी होती. बास. याच्या वर एक पैसा नको. पण याच्या खाली एक पैसाही कमी नको.

दोन वर्षांनी तो दिवस आपल्या पायांनी चालत आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी गाढव व्हायला तयार होते. अट एकच, पाय धरले पाहिजेत.

झालं होतं असं. काष्टीच्या संघाने नवी इमारत बांधली होती. तिथे सहा नवी मशीन, सगळी पूर्वीच्याच बनावटीच्या नेटवर्क कार्डांनी तारेने जोडायची, सगळ्यांवर मराठी. काम अर्थातच गोरखसरांना. सरांनी मुंबईहून मराठीची कार्डं स्वस्तात उचलली, वेगळ्याच बनावटीची, सोबत माहितीपुस्तिका नाही. पिनांच्या सात जोड्या आणि कशावर काही लिहिलेलं नाही. टोपी कुठे बसवली की कुठला पत्ता मिळतो हे सांगणारं नगरमध्ये कुणी नव्हतं. माझ्या जागी घेतलेला इंजिनिअर पुण्याला पळाला होता. आणि उद्घाटनाला मंत्री येणार होते.

आधी सरांनी माणूस पाठवला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "ज्यांचं काम त्यांनी यावं."

दुसऱ्या दिवशी भिंगारच्या बाजारात मारुती येऊन थांबली. सर दुकानात आले, स्टुलावर बसायचं की नाही याचा विचार करून उभेच राहिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"माधुरी मॅडम," ते म्हणाले. मॅडम! "जरा सेटिंग बघून द्यायचं होतं. तुमचा हात आहे याच्यावर."

"देईन. पैसे नकोत."

"मग?"

"उद्या सकाळी आमच्या घरी या. नानांसमोर हात जोडा आणि म्हणा की त्या वेळी चूक तुमची होती, माझी नव्हती. मग सेटिंग सांगते."

मला वाटलं होतं ते भडकतील. त्यांनी घड्याळ बघितलं. "एवढंच ना?"

एवढंच. हो. मी कार्ड ठेवून घेतलं. माझ्या मशीनमध्ये खोचून एकेका जोडीवर टोपी बसवत गेले आणि दर वेळी मेमरीत डोकावून बघत गेले की पाहुणे कुठल्या खोलीत उतरलेत. दुपारपर्यंत सगळं कळलं. पहिल्या जोडीवर टोपी बसवली की डी-ट्रिपल-झिरो, म्हणजे भांडणाची खोली. तिसरीवर बसवली की डी-आठशे, म्हणजे सुखाचा संसार. माझा पक्का निर्णय होता, सरांनी शब्द पाळला तर मी तिसरी जोडी सांगणार. सूड असला तरी त्यातही व्यवहार असतो. मी शब्दाची पक्की आहे.

घरी मी नानांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, कशाला साहेबाला तरास. एवढंच म्हटलं की सकाळी कुणीतरी भेटायला येणार आहे, स्वच्छ सदरा घाला. रात्रभर मी मनातल्या मनात ते दृश्य बघत होते. नाना खुर्चीत बसलेले. गोरखसर समोर उभे.

सकाळी सर आले. दारात बूट काढले. मी म्हटलं, "या."

नाना खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. इस्त्रीची पँट पाहिली, चेहरा ओळखला, आणि ताडकन उठले. पेपर खाली पडला. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे हात जोडले गेले.

"या, या साहेब," ते म्हणाले.  "पोरीचं काय चुकलं का परत?"

मी सरांकडे पाहिलं. आता बोला. त्या माणसाला फक्त दोन हात वर उचलायचे होते. पण माझ्या बापाने हात जोडलेले बघताच त्याचे खांदे सैल झाले, चेहऱ्यावर ओळखीचं मोठेपण परत आलं. गुरुजींनी पोराला आशीर्वाद द्यावा तसा त्याने एक हात वर केला.

"बसा, बसा रंभाजी. काही चुकलं नाही. जुनं ते जाऊ द्या. झालं गेलं विसरून जायचं."

झालं गेलं! कुणाचं झालं आणि कुणाचं गेलं? नाना बसले नाहीत, साहेब उभा असताना ते कसे बसतील? दोघं तसेच उभे. माझी आई सुमनबाई चहा घेऊन बाहेर आली. चांगल्या कपातला, बशीसकट.

"नको, नको," सर म्हणाले. "आज चतुर्थी. उपवास आहे."

उपवासाला चहा चालतो हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. याच माणसाला मी दर चतुर्थीला दुकानात पाच पाच कप चहा पिताना पाहिलं होतं. आईला कळलं. नानांना कळलं.  आईने कप आत नेला आणि आतून मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, झालं ना तुमच्या मनासारखं? आता सांगा, कुठल्या जोडीवर?"

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. मला आतून अगदी शांत वाटत होतं, इतकं की आधी कधी वाटलं नव्हतं.

"पहिल्या जोडीवर," मी म्हटलं. "सगळ्या सहा कार्डांना तेच."

"नक्की?"

"दुकानात लावून बघा की. मराठी आलं नाही तर मला येऊन विचारा."

मराठी येणार होतंच. दुकानात तार कुठे होती? सरांची चाचणी मला तोंडपाठ होती: एकटं मशीन चालू करायचं, पडद्यावर 'श्री' टाईप करायचं, नमस्कार करायचा, झालं. भाडेकरू एकटाच असेपर्यंत भांडण कसलं? आणि काष्टीला तरी ते तार जोडून बघतील का? नाही. आप्पासाहेबांचा तसा दंडकच होता आणि सीमाने मला तो सांगितला होता. मंत्र्यांच्या हाताने जे सुरू व्हायचं ते आधी कुणी वापरायचं नाही, उष्टं होतं. पत्रिकेत छापलंच होतं, 'संगणक जाळ्याचे उद्घाटन'. म्हणजे तार पहिल्यांदा जोडली जाणार ती मंत्र्यांनी फीत कापल्यावर, सगळ्या काष्टीसमोर.

दोन वर्षांपूर्वी मी जे केलं नव्हतं नेमकं तेच आता केलं. पुन्हा दोन कार्डं, तोच पत्ता, तीच हाणामारी. मला चुकचुकल्यासारखं झालं का? अजिबात नाही. शिक्षा माझी भोगून झाली होती. गुन्हा तेवढा करायचा राहिला होता.

उद्घाटनाला मी नानांना घेऊन गेले. काष्टीवरून जाणाऱ्या दौंडच्या एसटीत ते म्हणाले, "आपल्याला कुनी बोलवलंय का तिकडं?" मी म्हटलं, "सभासदांना आणि गावकऱ्यांना सगळ्यांनाच बोलावलंय. बसायला खुर्ची आहे." मंडपात आम्ही मधल्या रांगेत बसलो. शनिवारचा बाजार होता, त्यामुळे गर्दी तोबा. स्टेजवर सहा मशीन टेबलांवर मांडलेली, प्रत्येकाला झेंडूची माळ, आणि समोरच्या पडद्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत 'सुस्वागतम'. तार गुंडाळून लाल फितीने बांधून ठेवली होती.

मला बघून सीमा चमकली आणि लगेच दुसरीकडे पाहू लागली.

गोरखसरांचं भाषण झालं. ते मी जन्मात विसरणार नाही. "हे परदेशी तंत्र आहे. पण मी कुणा पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला हात लावू दिला नाही. यातलं एकेक कार्ड, एकेक सेटिंग मी स्वतः, या माझ्या हातांनी केलेलं आहे." त्यांनी हात वर करून दाखवले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून. नानांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

मग संघाला पहिल्या दिवसापासून दूध घालणारी म्हातारी भागूबाई, तिला स्टेजवर आणलं. बेत असा होता की एका मशीनवर तिचं नाव टाईप करायचं आणि ते सगळ्या सहा पडद्यांवर उमटायचं. मंत्र्यांनी फीत कापली. सीमाने तार जोडली, मंत्र्यांनी बटण दाबलं. सीमाने टाईप केलं.

पहिल्या पडद्यावर 'भा' आला. दुसऱ्यावर 'ग' आला आणि त्याच्यावर कुठून तरी एक वेलांटी येऊन पडली. मग 'सुस्वागतम'ची अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली, काने मोडले, मात्रा उधळल्या, आणि सहाच्या सहा पडदे जागच्या जागी थिजले. सीमा कीबोर्ड बडवत होती. काही हलेना.

भागूबाईने पदर सावरत पडद्याजवळ तोंड नेलं. "माजं नाव कुनी खाल्लं रं?" तिने मोठ्याने विचारलं, आणि माईक चालू होता. मंडप फुटला. मंत्री हसले, मग त्यांना आठवलं की हसायचं नसतं, मग त्यांनी घड्याळ बघितलं.

आप्पासाहेब हसले नाहीत. "गोरक्षनाथ," ते म्हणाले. माईक अजून चालूच होता. "काय भानगड आहे ही?"

"सेटिंग... सेटिंगचा प्रॉब्लेम दिसतोय साहेब."

"कुणी केलं सेटिंग?"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना मी दिसले. माझी खात्री आहे की त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. मूर्ख नव्हतेच ते कधी. बोला ना, मी मनात म्हणत होते. माझं नाव घ्या. सांगा सगळ्यांना, मोटार घेऊन कुणाच्या दारात गेला होतात, कुणाला मॅडम म्हणालात, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी कुठले हात वर करून दाखवलेत. मी नजर हटवली नाही. 

"मीच, साहेब," ते म्हणाले. "मीच केलं." आणि मंत्र्यांसमोर, आप्पासाहेबांसमोर, भागूबाईसमोर, बाजाराला आलेल्या सगळ्या काष्टीसमोर त्या माणसाने हात जोडले. "चूक झाली. माफ करा."

 आनंद झाला असं म्हणणं फार सौम्य आहे. उठून नाचावंसं वाटलं.

आप्पासाहेबांनी माईक ओढून घेतला. "इथं कुणाला कळतंय का यातलं? कुणी आहे का दुरुस्त करणारं?" सीमाने हळूच माझ्याकडे बोट केलं. पुढच्या रांगांतल्या माना वळायला लागल्या. आप्पासाहेबही डोळे बारीक करून आमच्याकडे पाहू लागले.

नानांनी माझ्या कोपराला हात लावला. बंद पडलेलं यंत्र तसंच टाकून हयातीत कधी घरी न आलेला माणूस तो. "तुला येतंय न्हवं?" ते पुटपुटले. "जा की मग. ऊठ. साहेब बोलावत्यात."

"येतं," मी म्हटलं. "पहिल्या जोडीवरची टोपी तिसरीवर घालायची. पण मी जाणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. फिटरच्या डोळ्यांनी, यंत्राचा आवाज ऐकून कुठला भाग वाजतोय ते शोधावं तसे. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तू केलंस?"

"हो," मी म्हटलं. "आईचा चहा ओतला ना, त्याच वेळी."

मला वाटलं आता ते उठतील. हात जोडतील. म्हणतील, पोरगी लहान हाय साहेब. स्टेजवरून आप्पासाहेब हाताने खुणावत होते, या, या इकडे. नानांचे हात मांडीवर होते. ते जरा वर आले, तसे त्यांनी ते एकमेकांत घट्ट गुंतवले आणि परत मांडीवर दाबून धरले. त्यांनी स्टेजवर अजून हात जोडून उभ्या असलेल्या गोरखसरांकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं.

"मग बस," नाना म्हणाले. "उठू नगंस."

आणि ते स्वतःही उठले नाहीत.